राखेनं घासलेला आरसा

आरसा मी घासला, विमल. आधी चिंचेनं, मग चुलीच्या राखेनं, आणि तरी काळे डाग जाईनात म्हणून शेवटी विटेच्या भुग्यानं. नारळाचा काथ्या घेऊन, अंगणातल्या दगडावर बसून, घागर घासतात तसा. मग धुतला, पदरानं पुसला आणि ओट्यावर उन्हात ठेवला. तू शाळेतून आलीस, पिशवी खुंटीला लावलीस, आणि ओट्याकडे पाहून जागच्या जागी उभी राहिलीस.

"वहिनी, हे काय वं?"

"तुह्या दुर्बिणीचा आरसा. काळा ठिक्कर पडलता. घासला."

"कायनं घासला?"

"भांडे घासतो त्यानं. आनखी कायनं?"

तू खाली बसलीस. आरसा उचलून डोळ्यांजवळ नेलास, तिरपा धरलास. उन्हात मलाही दिसलं. काचेवर बारीक ओरखडे होते, गोल गोल, माझा हात जसा फिरला तसे. आरसा पदरात गुंडाळून आत गेलीस. त्या दिवशी जेवली नाहीस, आणि पुढे तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

परवा तुझी तेरवी झाली. आलेल्या बाया तुझ्याबद्दल चांगलंच बोलल्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विमलबाई अशा होत्या, तशा होत्या. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात ते तीन दिवस होते. तू गेलीस तेव्हापेक्षा त्या तीन दिवसांत मला जास्त वाईट वाटलं होतं. हे लिहायला बरं नाही, पण खरं आहे. मरण कोणी आणत नाही, ते येतं. आरसा मी घासला होता.

शेजारची काकू तर म्हणाली, "त्या शेपटीच्या ताऱ्यानंच नेली बाई तिले. पाह्यलाच काऊन?" मी म्हटलं, "तारा येऊन दोन वर्षं झाले. इतक्या दिवसांनी न्याले तो काय एस्टीनं आलता?" तू असतीस तर हसली असतीस.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पत्रं लिहायची वेळ आली की तूच लिहायचीस. आता तुलाच लिहायचं आहे, म्हणून माझ्या मधूच्या शाळेतल्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे.

मी या घरात आले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. आत्याबाई, म्हणजे तुझी आई, शेतात जात, तू माझ्या कमरेवर. नात्यानं नणंद, पण वाढलीस माझ्या हाताखाली. ऐकलं मात्र कधी माझं नाहीस. मामंजी तुला शेपटीच्या ताऱ्याची गोष्ट सांगत तेव्हा मी भाकरी करत असे. ते दहा वर्षांचे असताना उन्हाळ्यात, पहाटे शेणखताची बंडी घेऊन बापाबरोबर शेतात चालले होते, आणि पूर्वेला तो तारा उभा होता. बैल थांबले म्हणे. बैल थांबले असतील असं मला वाटत नाही, पण ते सांगत. आणि शेवटी तुला म्हणत, "तो आता येईन तवा मी नसन. तू पन्नाशीची होशीन. तू पायजो." तू पाच-सहा वर्षांची होतीस. इतक्या लहान पोरीला इतक्या लांबचं काम कोणी सांगतं का? पण तू ते काम घेतलंस.

पंधरा वर्षांमागे तू नागपूरच्या कबाड्याकडून जाड काचेचे दोन गोल तुकडे आणलेस. लोखंडी पिंपात वाळू भरून ते अंगणात उभं केलंस, एक काच त्यावर बसवलीस, मध्ये दगडाची पूड आणि पाणी, आणि वरची काच खालच्या काचेवर पुढे-मागे, पुढे-मागे. पिंपाभोवती फिरत, शाळेतून आल्यावर रोज, सात महिने. तुझा दादा तेव्हा होता. तो म्हणायचा, "पोरीले घाण्याले जुंपलं कोणी?"

मीही बोललेच. "जात्यातून पीठ तरी निघते. तुह्या काचेतून काय निघून राह्यलं?"

"खड्डा."

"खड्डा?"

"थोडासा. वाटीसारखा. त्यात आभाळ येते."

"आभाळाले तुह्याच घरचा खड्डा सापडला का?"

पण आलं. सुताराकडून सागाची लांब पेटी केलीस, लोहाराकडून बंडीच्या जुन्या आसाचा तुकडा घेऊन त्यावर ती पेटी फिरती बसवलीस, आणि मला शनी दाखवलास. कडीसकट, एवढासा, तांदळाएवढा. मी पेटीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन हात फिरवून पाहिला, तू तिथं चित्र तर चिकटवलं नाहीस ना म्हणून. त्यावरून तू मला मरेपर्यंत चिडवलंस. चिडवू दे. फसवणारे पुष्कळ असतात, हात फिरवून पाहावा.

मग तुला फोटोचा नाद लागला. जुना कॅमेरा घेतलास, त्याची काच काढून पेटीला लावलास. देवळीच्या स्टुडिओवाल्या भाऊंनी पहिला रोल परत दिला. म्हणाले, "बाई, रोल कोरा गेला तुमचा. नुसती धूळ आली."

"भाऊ, तेच तारे आहेत. त्या धुळीचाच फोटो काढा."

भाऊंनी काढला. तुला वेडी समजून काढला, पण काढला.

तारा यायला वर्ष-दीड वर्ष उरलं तेव्हा दुर्बिणीचं काहीच धड नव्हतं. आरशावरची चांदी काळी पडलेली. लाकडी पेटी दोन पावसाळ्यांत वाकडी झालेली. वारा आला की सगळं हले, आणि फोटोत ताऱ्यांच्या अळ्या दिसत. मधू नागपुरात नोकरीला लागला होता. तो म्हणाला, "आत्या, किती दिवस हे डबडं सांभाळशीन? तयार दुर्बीण भेटते आता. मोटर असते तिले, आपोआप ताऱ्याच्या मागं फिरते. तू हो म्हण, मी आणतो."

तू कागद घेतलास, मधोमध रेघ मारलीस. एका बाजूला 'जुनी सुधारायची', दुसऱ्या बाजूला 'नवी घ्यायची'. तो कागद गव्हाच्या कोठीवर डकवलास आणि येता-जाता त्यावर काहीबाही लिहायचीस. मला चार अक्षरं वाचता येतात, म्हणून मी वाचायचे. 'आरसा उत्तम, फक्त चांदी.' 'मोटरीला वीज लागेल, वीज जाते.' 'नवीचा आरसा कसा निघेल माहीत नाही.' आणि दुसऱ्या बाजूला एकच ओळ होती. 'वेळ कमी.'

वेळ कमी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, कारण सेवाग्रामला तुझ्याबरोबर मीच गेले होते. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. थेंब घाला, पण गेलेली नजर परत येणार नाही. कडेकडेनं कमी होत जाईल, किती वर्षांत ते सांगता येत नाही. परतीच्या एस्टीत तू खिडकीशी बसली होतीस. म्हणालीस, "नळीतून पाह्यल्यासारखं होत जाईन म्हंते."

मी म्हटलं, "मंग तुले काय? तुले नळीतून पाह्याची सवयच आहे."

तू इतकी हसलीस की कंडक्टरनं मागे वळून पाहिलं. मी विनोद केला नव्हता. मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी नवी घेण्याच्या बाजूची. म्हटलं, म्हातारी म्हैस औषध पाजून दूध देत नाही. आज सांगितलं तर दोन महिन्यांत नवी येईल. जुनीला वर्ष लागेल, आणि तोवर तुझे डोळे कुठं असतील? तू ऐकेनास. "आरसा मी केला, वहिनी. त्यातलं खरं-खोटं मले माहीत आहे." मी चिडून बोलले, "आनं फोटो कायले पाह्यजे एवढा? आंधळीले फोटो काय कामाचा?"

हे मी बोलले. माघार घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तू कागदाकडे पाहत होतीस. म्हणालीस, "तुले दिसन न. तू सांगजो मले."

त्यानंतर आठच दिवसांनी मी आरसा घासला. त्यावर चांदी आहे हे तूच मला सांगितलं होतंस. आणि चांदी काळी पडली की काय करतात, ते मला सांगायला शाळा लागत नाही. जोडवी, करंडा, देवाचं ताम्हन, सगळं मी असंच घासत आले.

चौथ्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघरात आलीस. लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून मी जी गोल काच ठेवायचे ती उचललीस. ती आरशाची जोडीची काच होती, पिंपावर खाली बसवायची. तू ती धुतलीस, अंगणातलं पिंप सरळ केलंस, आणि पुन्हा माझ्याशी बोललीस.

"तू खराब केला. तूच घास."

मी म्हटलं, "मले काय येते?"

"भांडे घासता येते न? चाल."

विमल, त्या शब्दांसाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. तू नवी आणली असतीस तर मी सुटले असते, आणि मग आयुष्यभर त्या मोटरच्या दुर्बिणीकडे बघून जळत राहिले असते. तू रडली असतीस तरी मला झेपलं नसतं. तू मला काम दिलंस.

चैत्रापासून भाद्रपदापर्यंत घासलं. तू शाळेत गेलीस की मी, आल्यावर तू. आधी जाड पूड, मग बारीक, मग पिठासारखी. दर वेळी पूड बदलताना पिंप, हात, पदर, सगळं धुवायचं. जाड पुडीचा एक कण राहिला तर सगळं पाण्यात. हे मला पटकन कळलं. सोवळं पाळलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. शेवटी राळेच्या थरावर सोनाराकडची लाल पूड लावून घासायचं. तेव्हा हात भारी टाकायचा नाही, काचेच्याच वजनानं ती सरकली पाहिजे. तू म्हणालीस, "वहिनी, तू दाबून नाई राह्यली." मी म्हटलं, "दाबलं तर जातं पीठ जाळते. चाळीस वर्षं दळलं मी."

संध्याकाळी खोलीत अंधार करून तू दिवा आणि ब्लेड मांडून आरसा तपासायचीस. कुठं उंचवटा आहे, कुठं खोल, ते सावलीवरून दिसतं म्हणे. मला त्यातलं काही कळलं नाही. एका संध्याकाळी तू खूप वेळ पाहिलंस, मग उठून मला तुझ्या जागी बसवलंस. म्हणालीस, "पाय. एकसारखी सावली. माह्याच्यानं हे सात महिन्यांत नाई जमलं." मी चौथी शिकलेली बाई. मला आयुष्यात कोणी पहिला नंबर दिला नव्हता. तो तू दिलास, आणि लगेच म्हणालीस, "आता याले राख लावजो नको."

चांदी चढवायचा दिवस तर मी विसरणारच नाही. आपल्याच वावरातला कापूस, सरकी काढून, त्यानं काच पुसली. बाटल्यांतलं पाणी तू मोजून एकत्र केलंस आणि शेवटचं काय घालायचं म्हणून मी पाहत होते, तर साखरेचं पाणी! मी म्हटलं, "चहा करतं का वं?" पाणी आधी चहासारखंच झालं, मग गढूळ काळं, आणि मला वाटलं गेलं सगळं. तू आरसा बाहेर काढून धुतलास. त्यात माझं तोंड होतं, सुरकुत्यांसकट. इतकं स्पष्ट मी ते कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायची गरजही नव्हती.

पेटी नवी केलीस, आणि अंगणात सिमेंटचा खांब घालून त्यावर ती बसवलीस, म्हणजे वाऱ्यात हलणार नाही. मोटर नाही. लोहारानं स्क्रू आणि मूठ करून दिली. मूठ मिनिटाला एक फेरा फिरवली की पेटी ताऱ्याबरोबर सरकते. शेजारी एक छोटी दुर्बीण बांधली, तिच्यात दोन केसांची फुली. एक तारा त्या फुलीवर धरून ठेवायचा. तुझे काळे केस अंधारात दिसेनात. माझा पांढरा लावला, जवळ इवलासा दिवा लावला, तर दिसला. तू म्हणालीस, "पाय, म्हातारपणाचा उपयोग झाला." कोठीवरचा कागद तू त्या दिवशी काढलास आणि चुलीत घातलास. धड जुनी नाही, धड नवी नाही; दोन्ही बाजूंना जे नव्हतं तेच झालं होतं.

शहाऐंशीच्या मार्चमधल्या त्या पहाटे मधू मुद्दाम नागपूरहून आला होता. तीनदा हाक मारली. "हो आई, उठलो," म्हणे आणि कूस बदले. तिसऱ्यांदा मी चादर ओढली, त्यानं ती परत ओढून घेतली. मग सोडून दिला.

आभाळ तुला पूर्ण दिसत नव्हतं. कडा गेल्या होत्या. तू विचारलंस, "वहिनी, कुठं आहे?" दक्षिणेकडे, शेजाऱ्यांच्या कडुलिंबाच्या जरा वर, मला तो सापडला. मोठा नव्हता. मामंजींनी सांगितल्यासारखा आभाळभर तर मुळीच नव्हता. मी पेटी तिकडे वळवली. तू घड्याळ धरलंस, कॅमेरा उघडलास. पंधरा मिनिटं मी मूठ फिरवली. डोळा त्या पांढऱ्या केसावर, हात मुठीवर. डास चावत होते, डोळ्यातून पाणी येत होतं. तू माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होतीस आणि दर मिनिटाला बोटानं हलकी टिचकी मारायचीस, म्हणजे एक फेरा झाला पाहिजे. इतकं मन लावून मी देवाचं नाव घेतलेलं नाही.

मग कॅमेरा काढून तू स्वतः डोळा लावलास. मधलं तुला तेव्हा अजून दिसत होतं. मग म्हणालीस, "बाबा म्हणत तसा नाई. बाबांचा मोठा होता." आणि नाक पुसलंस. "पण तोच आहे."

स्टुडिओवाले भाऊ फोटो घेऊन स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, यावेळी धुळीले शेपूट आलं."

पुढची दोन वर्षं तुझं मधलंही पुसट होत गेलं. दुपारी चहा झाला की तू तो फोटो मांडीवर घ्यायचीस आणि म्हणायचीस, "सांग." मी सांगायचे. खरकट्या परातीवरून ओलं फडकं फिरवलं की पांढरा फराटा राहतो तसा आहे. डोकं गोल, कापसाच्या बोंडासारखं, नुकतं उकललेलं. शेपूट वरच्या बाजूला, जरा पसरट. बाकीचे तारे टिपके, साखर सांडल्यासारखे. तू विचारायचीस, "टिपके गोल आहेत न? लांबले तर नाई?" मी म्हणायचे, गोल आहेत. ते खरंच गोल आहेत, विमल. तेवढं मी नीट केलं.

आणि मग हसून तू ते विचारायचीस. "वहिनी, खरं सांग. मुद्दाम घासलता न? नवी घ्यावी म्हून?" मी म्हणायचे, "मी काय येडी आहे?" दर वेळी हेच. ज्या दुपारी चहाचा कप हातात असताना तू मान टाकलीस, त्याच्या आदल्या दिवशीही हेच.

आता सांगते. मुद्दाम नाही. घासायला घेतला तेव्हा मला खरंच वाटलं, चमकेल, तू खूश होशील. पण विटेचा भुगा लावला, आणि अर्ध्यावर आले तेव्हा कर्र असा आवाज आला. भांडं असा आवाज करत नाही. मला त्याच क्षणी कळलं. हात थांबवता आला असता. मी थांबवला नाही. मनात आलं, बरं झालं, आता नवी घेशील, लवकर येईल, डोळे आहेत तोवर पाहशील. आणि मी उरलेला अर्धा आरसाही जोर लावून घासला.

तुला हे ठाऊक होतं असं मला वाटतं. ओरखडे दोन तऱ्हेचे होते, अर्ध्यावर हलके, अर्ध्यावर खोल, आणि तुला आरसे वाचता येत होते. तरी तू मला नुसतं "तूच घास" म्हणालीस. जाणूनबुजून केलेल्या चुकीची शिक्षा म्हणून दिलंस की मला तुझ्याजवळ ठेवून घ्यायला दिलंस, हे मी विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही. काहीही असो, त्या सहा महिन्यांइतकी मी या घरात कधी सुखी नव्हते.

काल मधू म्हणाला, "आई, शाळेत नवी दुर्बीण येऊन राह्यली म्हंते. आत्याची जुनी काचेच्या कपाटात ठेवतो म्हंतात, आठवण म्हून."

मी म्हटलं, "कपाटात ठेवाले ते काय गणपती आहे? काम करते ते."

"पण आरसा पुन्हा काळा पडला, आई. कोण चांदी चढवन आता?"

मी फळीवरच्या चांदी चढवायच्या बाटल्या खाली घेतल्या. प्रत्येकीवर तुझी चिठ्ठी आहे, मराठीत, मोठ्या मोठ्या अक्षरांत. मला वाटायचं, तुझे डोळे जात आहेत म्हणून तू मोठं लिहितेस. काल वाचलं तर शेवटच्या बाटलीवर आहे, 'वहिनी, हे आधी नाही, शेवटी. साखर त्यानंतर. उरलेलं पाणी ठेवू नको, लगेच फेक.' म्हणजे त्या चिठ्ठ्या माझ्यासाठीच होत्या.

साखर घरात आहे. कापूस मी पिंजून ठेवला आहे. ऊन कमी झालं की चढवीन, आणि मग दुर्बीण शाळेत देईन, कपाटात नाही, अंगणात; मूठ कशी फिरवायची ते पोरींना मीच दाखवीन.

मामंजींनी तो तारा दहाव्या वर्षी पाहिला. तू बावन्नाव्या, मी पासष्टाव्या. मधू झोपला होता. मामंजी कधीचे गेले, तू या महिन्यात गेलीस. तो पाहिलेली या घरात आता मी एकटी आहे.